बाळ झोपलंय, फोन गप्प!

मोबाइलचं ॲप बनवणं यात काय एवढं! ज्या बाईला एका हाताने बाळ थोपटता येतं, दुसऱ्याने दुधाची बाटली धुता येते आणि पायाने दार लोटता येतं, तिला ॲप न यायला काय झालं? क्लासच्या पहिल्याच दिवशी मी हे नवऱ्याला ऐकवलं होतं. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. तो म्हणाला, "बघ बाई! यंत्राला आपला आत्मविश्वास कळत नसतो."

क्लास लॅपटॉपवर. बाळराजे मांडीवर झोपले की माझी शाळा भरायची. माझा एक हात त्यांच्या मानेखाली अडकलेला, दुसऱ्याचं एक बोट त्यांच्या मुठीत, आणि उरलेल्या बोटांनी मी फोनला सूचना लिहायची. उघडलेला कंस बंद करायचाच, हा त्यातला पहिला धडा. पण झोपलेल्या बाळाच्या टाळूला जो वास येतो ना, त्या वासात मी कित्येक कंस उघडेच सोडले!

बरं, ही झोप म्हणजे साबणाचा फुगा. कुणाचा फोन वाजला की फट्! सासऱ्यांच्या फोनला आगीच्या बंबाची घंटा. सासूबाईंच्या फोनवर भोंगा. आणि समोरच्या इमारतीत राहणारी त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आमची मावशी, रोज दुपारी शिवण घेऊन आमच्याकडे येते, तिच्या पिशवीत कोंबडा आरवतो!

अशात क्लासच्या मॅडमनी शेवटची परीक्षा जाहीर केली. "स्वतःच्या घराला उपयोगी पडेल असं ॲप करा. पाच जणांनी ते दिवसभर वापरायचं. संध्याकाळी मी स्वतः पाचही जणांना फोन करून विचारीन. ॲप पास झालं, तर माझ्या ऑफिसचं काम तुम्हाला. घरबसल्या!"

घरबसल्या! बाळाला सोडून न जाता काम! मी त्या मुठीतल्या बोटाकडे पाहिलं आणि ठरवलं, हे काम माझंच.

ॲप साधं होतं. माझ्या फोनवर दोन बटणं. 'झोपला' दाबलं की पाचही फोनांनी आपला आवाज किती होता ते लक्षात ठेवायचं आणि गप्प व्हायचं. 'उठला' दाबलं की लक्षात ठेवलेला आवाज परत लावायचा. सासूबाई, सासरे, मावशी, मी आणि नवरा. नवरा दुपारी घरी नसतो, पण पाच भरायला नकोत?

परीक्षेच्या दिवशी दुपारी बाळराजे झोपले. मी 'झोपला' दाबलं. त्यांनी एक डोळा किलकिला केला. खात्रीसाठी पुन्हा एकदा दाबलं. बाळराजे शांत. घर शांत. इतकी शांतता की मलाही डुलकी लागली. जाग आली तेव्हा ते माझ्या नाकाशी खेळत होते. मी 'उठला' दाबलं आणि ऐटीत तक्रारींची वाट बघत बसले.

एकही तक्रार आली नाही! कुणाचा फोनच आला नाही. म्हटलं, याला म्हणतात काम!

फक्त सासूबाई जरा घुम्यासारख्या फिरत होत्या. आदल्या दिवशी त्यांचं मावशीशी कडाक्याचं भांडण झालेलं. मावशीच्या कापड कापायच्या कात्रीने सासूबाईंनी कागद कापला होता. शिवणाऱ्या बाईच्या लेखी हा खुनाच्या खालोखालचा गुन्हा! मावशी आज फिरकली नव्हती.

"मी फोन केला तिला," सासूबाई एकदम म्हणाल्या. "मी! मोठी असून! आणि ती उचलत नाही. एकदा नाही, चारदा!"

"कामात असतील, आई."

"काम कसलं? कात्री पुसत बसली असेल!"

इकडे सासरे बाळाचे डायपर आणायला गेलेले. "मापाचा नंबर कुठला?" विचारलं, तर मीच म्हटलं होतं, "पाकिटावर बघून फोन करते, बाबा." तसा केलाही. त्यांनी उचलला नाही. ऊन उतरलं तरी बाबांचा पत्ता नाही!

तेवढ्यात लॅपटॉपवर मॅडमचा निरोप झळकला. 'पाचही जणांना फोन केले. एकानेही उचलला नाही. तुमचा स्वतःचाही नुसता वाजतोय. ही पाच माणसं खरी आहेत ना? सहापर्यंत कळवा. नाहीतर नापास.'

माझा फोन वाजतोय? तो तर माझ्या मांडीवर मुका पडला होता! उलटा करून बघते तो काय, न घेतलेल्या फोनांची ही मोठी रांग. मी 'उठला' दाबलं. गप्प. पुन्हा दाबलं. गप्प! आमच्याकडे सगळ्यांची एक खोड आहे: फोन ऐकायचा, बघायचा नाही. आता ही सगळी माणसं गोळा कशी करायची? फोन करून?

आणि नेमक्या त्याच मुहूर्तावर बाळराजांनी भोकाड पसरलं. त्यांना खांद्यावर टाकून मी मॅडमना लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल लावला. मॅडम दिसल्या. कपाळाला आठ्या.

"कुठे आहेत तुमची माणसं?"

दाणकन दार उघडलं. मावशी!

"ताई! मी दुपारपासून फोन करतेय! एवढा ताठा? कागद तू कापलास आणि रुसतेसही तूच?"

"मी रुसले?" सासूबाई स्वयंपाकघरातून उलथनं घेऊनच आल्या. "मी चारदा फोन केला! चारदा! तूच माजलीस त्या कात्रीपायी!"

"धार गेली तिची!"

"तुझ्या जिभेची नाही ना गेली!"

मागोमाग सासरे आले. दोन्ही हातांत पिशव्या. "तुझ्या फोनची वाट बघून थकलो गं. दुकानदाराने शेवटी बसायला स्टूल दिलं. मग सगळेच नंबर घेऊन आलो. यातला एक मलासुद्धा होईल!"

आणि सगळ्यांवर कडी म्हणून नवरा. घामाघूम. "आमचे साहेब लिफ्टमध्ये अडकले होते! वरून मलाच फोन लावत होते, आणि मी खाली त्याच लिफ्टची वाट बघत उभा! माझ्या फोनला झालंय काय?"

"ताई, खोटं बोलू नकोस!"

"दाखवू फोन? दाखवू?"

"हे डायपर ठेवू कुठे?"

"अगं, साहेब अडकले होते!"

मॅडम पडद्यावर काहीतरी बोलत होत्या, त्यांचे नुसते ओठ हलताना दिसत होते. संपलं, मी मनात म्हटलं. गेलं काम. आणि मग जाणवलं, खांदा जड झालाय. मानेवर गरम, संथ श्वास येतोय.

बाळराजे झोपले होते! त्या कल्लोळात! तोंड उघडं टाकून!

तोवर दोघी बहिणींनी पुराव्यादाखल आपापले फोन एकमेकींच्या नाकासमोर धरले होते. सासूबाईंच्या फोनवर ओळीने 'धाकटी, धाकटी, धाकटी'. मावशीच्या फोनवर ओळीने 'ताई, ताई, ताई'. दोघी वाचतच राहिल्या. मावशीचा ओठ थरथरला. सासूबाईंनी उलथनं खाली घेतलं. कुणी काही बोलेना. घरात टाचणी पडली तरी ऐकू आली असती...

आणि बाळराजे किंचाळत उठले!

"अहो, गप्प काय बसलात!" लॅपटॉपमधून मॅडम ओरडल्या. "भांडा! बाळ उठलं ना!"

दोघी गोंधळल्या. समेट तर झाला होता. पण नातवासाठी माणूस काय करत नाही! मावशीने पदराने डोळे पुसले आणि घसा साफ केला. "पण कागद का कापलास तू, ताई?"

"कापला! पुन्हा कापीन!"

बाळराजांच्या पापण्या मिटल्या.

"तुमचं ॲप नापास," मॅडम म्हणाल्या, तेव्हा माझा चेहरा पडला. "पण ही माणसं खरी आहेत, याबद्दल माझी खात्री पटली. आठवडा देते. चूक शोधा."

चूक नवऱ्याने शोधली. मी सगळं सांगितल्यावर तो एवढंच म्हणाला, "दोनदा दाबलंस ना? लिफ्टचं बटणसुद्धा लोक असंच दाबतात." खरंच! दुसऱ्यांदा दाबलं तेव्हा फोन आधीच गप्प होते. त्यांनी तेच इमानदारीत लक्षात ठेवलं: आधीचा आवाज, शून्य. 'उठला' म्हटल्यावर तोच शून्य परत लावला. फोन बिचारे आज्ञाधारक. सूनच घाईची!

मी चूक दुरुस्त केली आणि जोडीला तिसरं बटण बसवलं: 'भांडण'. दाबलं की सासूबाई आणि मावशीचं कात्रीवरचं भांडण ऐकू येतं. रेकॉर्डिंगसाठी दोघी मुद्दाम समोरासमोर बसल्या होत्या. त्यावर बाळराजे असे झोपतात की बघत राहावं.

आठवड्याने मॅडमनी पुन्हा पाचही फोन केले. पाचही उचलले गेले. मावशी म्हणाली, "ताईचा आवाज जास्त येतो." सासूबाई म्हणाल्या, "माझं शेवटचं वाक्य कापलंय. तेच तर खरं लागणारं होतं!" सासरे म्हणाले, "मी त्यात कुठेच नाही!"

तरी काम मला मिळालं! घरबसल्या! आता बाळराजे शेजारी झोपलेले असतात, त्यांच्या मुठीत माझं बोट असतं, खोलीत बारीक आवाजात कात्रीवरून भांडण चाललेलं असतं, आणि मी ऑफिसचं काम करते.

काय काम, असं सगळे कौतुकाने विचारतात. मी जरा विषय बदलते. तुम्हाला म्हणून सांगते. ऑफिसात इतर लोक ॲप बनवतात. ते माझ्याकडे येतं. मग मी त्यातलं प्रत्येक बटण दोनदा दाबून बघते.