तीनदा घंटी

कमलाकांतनं सायकलची पायडलं बदलायचं ठरवलं, तेव्हा विमलला सासरी येऊन चारच महिने झाले होते आणि नवऱ्याशी तिचं एकूण बोलणं पोस्टकार्डावर मावलं असतं. त्यामुळे तिनं काही विचारलं नाही, नुसतं पाहिलं. (पाहण्यात ती पहिल्यापासून हुशार.)

पायडलं मुंबईहून आली होती. प्रत्येकाला पुढं पोलादाचा लहानसा पिंजरा आणि त्यातून ओवलेला चामडी पट्टा. पाय पिंजऱ्यात घालायचा, पट्टा आवळायचा, की पाय सायकलचाच होऊन जायचा. पंधरा ऑगस्टला अमरावती ते बडनेरा आणि परत अशी शर्यत होती, आणि कचेरीत नोकरीला असलेल्या कमलाकांतनं तीत नाव दिलं होतं. पायडलं बसवताना अन्सार मिस्त्रीनं बजावलं होतं, "बाबूजी, ध्यानात ठेवजा. पह्यले पट्टा सैल, मंग ब्रेक. उलटं केलं का जमीन."

कमलाकांतनं ते ध्यानात ठेवलं, फक्त उलटं.

पहिल्या संध्याकाळी तो दारापाशी आला, ब्रेक दाबला, क्षणभर देवळातल्या मूर्तीसारखा स्थिर उभा राहिला आणि मग तसाच, सायकलसकट, सावकाश डावीकडे कलंडला. विमल खिडकीतून पाहत होती. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की हा माणूस वेगात असताना कधी पडत नाही, थांबल्यावरच पडतो, आणि पडतो तो नेहमी डावीकडे. ओट्याला टेकून थांबता आलं असतं, पण ओटा उजवीकडे होता.

सासूबाईंनी, म्हणजे गोदावरीबाईंनी, निदान केव्हाच केलं होतं. "समोरच्या दुर्गाबाईची नजर लागली पोराले. रोज दारात उभी राहून पाह्यते." मग मीठ-मोहऱ्या आल्या, दृष्ट काढून झाली. चौथ्या दिवशी तो पडला तेव्हा मोहऱ्या अजून चुलीत तडतडत होत्या.

पाचव्या दिवशी विमल उठली, बाहेर गेली आणि तिनं सीट मागून धरली. कमलाकांतनं वाकून पट्टे सैल केले आणि माणसासारखा खाली उतरला. उतरल्यावर त्यानं तिच्याकडे पाहिलं. लग्नाच्या अंतरपाटानंतर इतकं नीट त्यानं पहिल्यांदाच पाहिलं असावं.

"बरं केलंस," तो म्हणाला. "उद्या मी तीनदा घंटी वाजवीन."

तेव्हापासून रोज साडेपाचला चौकात तीनदा घंटी वाजायची आणि विमल हातातलं काम टाकून जायची. कचेरीपाशी विजेचा खांब होता, घरी विमल होती. मधल्या वाटेवर तो थांबतच नसे. दुर्गाबाई समोरून म्हणायच्या, "काहो गोदावरीबाई, सून घोडं धरून राह्यली काय?" विमलचे कान तापायचे. पण सवापाचपासून तेच कान चौकाकडे लागलेले असायचे, हेही खरं.

आणि मग अकोल्याहून कार्ड आलं. आखाड लागणार म्हणून विमलला माहेरी न्यायला बाबा येणार होते, गुरुवारी.

कार्ड विमलनं दोनदा वाचलं. बाबा, म्हणजे उद्धवराव, अकोल्यात हेडमास्तर. माणूस ओळखायची त्यांची एकच परीक्षा होती: वडीलधारं माणूस समोर दिसलं, की सायकलवरून उतरतो की नाही. त्यांच्या शाळेतली पोरं त्यांची टोपी दिसताच दोन फर्लांगांवर उतरत. विमलसाठी दोन स्थळं होती. एक वकील होता, पण तो सायकलवरूनच नमस्कार करून गेला. मुलगी पाहायला भाड्याच्या सायकलवरून आलेला कमलाकांत मात्र शाळेच्या कोपऱ्यावर त्यांना पाहताच उतरला आणि सायकल हातात धरून घरापर्यंत शेजारून चालत आला. बाबांनी पत्रिकाही पाहिली नाही. विमलला विचारलं, "उतरणारा मुलगा आहे. हो म्हणू?" आणि ती "हो" म्हणाली होती.

बुधवारी ताट वाढताना तिनं धीर केला. "अहो, उद्याच्यापुरती जुनी पायडलं लावता का?"

"कावून? बसनं संध्याकाळी सातला येतील ते. तोवर मी उतरून, हातपाय धुऊन बसलेला असेन."

गुरुवारी बाबा साडेपाचलाच आले. आधीची बस मिळाली होती.

विमल कणीक मळत होती. घंटी झाली, तीनदा. ती हात पुसते तोच पुन्हा तीनदा, मग पुन्हा. आज घंटीत काहीतरी रडवेलं होतं. ती दारात आली आणि तिथंच खिळली.

चौकाच्या मधोमध बाबा उभे होते, एका हातात पिशवी, दुसऱ्यात छत्री. आणि कमलाकांत त्यांच्याभोवती सायकलवरून फिरत होता. चौकात धरण्यासारखी एकच वस्तू होती, आणि ती वस्तू म्हणजे सासरे. त्यांना कसं धरणार? आणि जावयाला पाठ कशी दाखवायची म्हणून बाबाही जागच्या जागी फिरत होते.

"नमस्कार, मामाजी."

"नमस्कार. उतरा की."

"हो, उतरतोच." पुढचा फेरा. "प्रवास कसा झाला?"

"बडनेऱ्यापर्यंत उभ्यानं. जावईबापू, आमच्याकडून काही चुकलं का?"

"छे छे, मामाजी, हा पट्टा..." बाकीचं वाक्य छत्रीच्या पलीकडे गेलं.

बाबांचा चेहरा विमलला पाठ होता. वार्षिक परीक्षेत नापास करताना तो असाच शांत होई. डोक्यावरचा पदर धरायचा की सायकल? समोर दुर्गाबाई, शेजारी अख्खी आळी. विमलनं पदर कमरेला खोचला, धावत गेली आणि दोन्ही हातांनी सीट पकडली.

सायकल थांबली. कमलाकांत पट्ट्याला वाकला. दुपारच्या पावसानं चामडं फुगलं होतं, पट्टा हलेना. तो ओढू लागला, सायकल डुलू लागली.

"बाबा," ती म्हणाली, "पाय अडकलाय त्यांचा."

बाबांनी पायडलाकडे पाहिलं. मग पिशवी ठेवली, छत्री ठेवली, धोतर सावरून चिखलात उकिडवे बसले आणि दोन्ही हातांनी जावयाचा पाय धरला. चार महिन्यांपूर्वी मांडवात त्यांनी हाच पाय धुतला होता. तेव्हा तो इतका मळलेला नव्हता.

नेमक्या तेव्हा गोदावरीबाई बाहेर आल्या. समोरचं पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. "व्याहीबुवा, आता कावून पाय धरता? तुमची पोरगी त आली ना आमच्या घरी."

रात्री बाबा जेवायला बसले. विमल वाढत होती आणि त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. शेवटी ताक पिऊन त्यांनी मिशी पुसली.

"पाय अडकला होता, तरी प्रत्येक फेऱ्याला मान लववत होते," ते तिला म्हणाले. "मनानं ते केव्हाच उतरले होते. मी अकोल्यालाच ओळखलं होतं हो."

विमलचा जीव भांड्यात पडला.

सकाळी कमलाकांत स्टँडवर पोचवायला आला, कॅरिअरला ट्रंक बांधून, सायकल हातात धरून, पायी. बाबा खिडकीत बसले. तो विमलपाशी घुटमळला.

"लवकर ये," तो म्हणाला. "आईला धरणं जमत नाही."

हे गोड होतं. तेवढ्या गोडीवर विमलनं आजवरचं सर्वांत लांब वाक्य बोलून टाकलं. "शाळेच्या कोपऱ्यावर तुम्ही बाबांना पाहून उतरलात ना, त्याच्यावरच त्यांनी लग्न ठरवलं."

कमलाकांत विचारात पडला. "कोणता कोपरा?" मग त्याचा चेहरा उजळला. "हां, तो दिवस. अगं, चेन पडली होती. ते तुझे वडील होते, हे मला तुमच्या घरी पोचल्यावर कळलं."

कंडक्टरनं घंटी दिली. विमल चढली, बाबांशेजारी बसली.

"काय म्हणाले जावई?"

"तुम्हाला नमस्कार सांगितला."

"पाहिलंस?" बाबा समाधानानं मागं टेकले. "मुलगा पारखून केला होता की नाही?"

"हो," विमल म्हणाली, अगदी त्या दिवशीच्याच आवाजात.