मागून झील धरणारा

गायला बसले की वडशाचे सत्तारभाऊ आधी डाव्या खांद्यावरून मागे वळून बघतात, "धर रे" म्हणतात, आणि मग तोंड उघडतात. मागे कोणी नसतं. एका स्टुलावर, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, स्पीकर ठेवलेला असतो आणि त्यामागे कोरी भिंत. नवा माणूस हे पाहून दचकतोच.

सत्तारभाऊ पेट्या दुरुस्त करतात. पावसाळ्यात लोकांच्या हार्मोनियमचे भाते बदलायचे आणि हिवाळ्यात आमच्याकडे गावोगावी रात्रभर चालणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकांत गायचं, असा त्यांचा वर्षाचा हिशेब. माणूस सरळ, पण खोडी भारी. माइक कधी तोंडासमोर ठेवणार नाहीत, वीतभर डावीकडेच. मी दर वेळी तो सरळ करायचो आणि ते मुकाट्याने पुन्हा सरकवायचे. बोलण्यात एकच शब्द, सोबत. लग्नाचं जेवण कसं होतं विचारा, तर "भात बरा होता, वरनाची सोबत नवती." पाहुणा कसा होता विचारा, तर "मानूस चांगला, पन सोबत नाई देत." त्यांच्या बायकोने, जुबेदाबाईंनी, या शब्दापायी कपाळाला हात लावलेला मी अनेकदा पाहिलाय.

दोन हजार सात-आठचे दिवस असतील. मी वडशात कॉम्प्युटर क्लास चालवायचो. गावात लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम जाणणारा मी एकटाच, त्यामुळे डोक्यात हवा गेलेली. सत्तारभाऊंना आपली पदं रेकॉर्ड करायची होती, म्हणून मीच त्यांना एक जुना लॅपटॉप पाहून दिला आणि त्यात लिनक्स टाकून दिलं.

आता थोडं समजून घ्या. लिनक्समध्ये माइक आणि स्पीकर यांच्या मध्ये ऑडिओ सर्व्हर नावाचा एक प्रोग्राम बसतो. वडशाच्या बाजारातला अडत्याच म्हणा. माइकमधून आलेला आवाज तो पोत्यात भरतो आणि पोतं भरलं की पुढे स्पीकरकडे पाठवतो. पोतं लहान ठेवलं तर आवाज लगेच पोहोचतो, पण थकल्या लॅपटॉपला इतकी भराभर उचल झेपत नाही, मग कडकड आवाज येतो. पोतं मोठं ठेवलं की कडकड जाते, पण आवाज उशिरा पोहोचतो. मला त्या दिवशी घाई होती. मी सगळ्यात मोठं पोतं टाकलं, कडकड थांबली, मी मोकळा झालो आणि विसरूनही गेलो.

पुढे एका दुपारी त्यांच्याकडे गेलो, तर बाहेरूनच दोन माणसं गाताना ऐकू आली. एकाच घरातले वाटावेत असे दोन गळे, दुसरा जरासा मागून ओळ उचलणारा. म्हटलं, पाहुणे आले वाटतं. चपला काढून आत शिरेपर्यंत पद संपलं होतं. आत सत्तारभाऊ एकटे. त्या खोलीला दुसरं दार नाही. पाहुणे कुठे गेले विचारलं, तर म्हणाले, कोणते पाहुणे? मी पाणीसुद्धा न पिता निघालो, आणि ऊन लागलं असेल अशी स्वतःची समजूत घातली.

दिवाळीच्या आधी लॅपटॉपची हार्डडिस्क गेली. मी नवी बसवली, रॅम वाढवली, ऑडिओ सर्व्हर नीट लावला. पोतं लहान, आवाज झटपट, कडकडीचं नाव नाही. स्वतःच्याच कामावर खूश होऊन घरी आलो. दुसऱ्याच दिवशी निरोप आला, लॅपटॉप बिघडला.

गेलो, सगळं तपासलं, काही बिघाड नाही. सत्तारभाऊ म्हणाले, "आवाज येऊन राह्यला सर, पन सोबत नाई येत." म्हटलं, झालं यांचं सुरू. केबल बदलली, माइक बदलला. तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला ते गातही नव्हते. नाटकाच्या कंपनीला त्यांनी नकार कळवला होता, यंदा गाणार नाही म्हणून. तीस वर्षांत पहिल्यांदा. आता मात्र मी घाबरलो, कारण हे माझ्या हातून झालं होतं.

चहा देताना जुबेदाबाईंनी हळू आवाजात सांगितलं. गफूर म्हणून यांचा धाकटा भाऊ होता. दोघं एकाच माइकवर गायचे. हे पुढे, तो डावीकडे जरा मागे, झील धरायला, म्हणजे यांची ओळ मागून उचलायला. एका पावसाळ्यात गफूर भामरागडकडे कुणाची पेटी दुरुस्त करायला गेला, पुराने रस्ता तुटला आणि तापात तिथेच गेला. इथे खबर आली तेव्हा माती देऊन आठ दिवस झाले होते. त्यावर बरीच वर्षं यांनी नुसती ओढत नाटकं केली, लॅपटॉप आला तेव्हापासून कुठे मन लावून गायला लागले होते.

मी एकदा वीतभर सरकवलेल्या माइककडे पाहिलं, मग त्या स्टुलाकडे. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मुकाट्याने लॅपटॉप उघडला आणि माझ्या जुन्या घाईचं ते मोठं पोतं परत टाकलं. दुरुस्ती म्हणून बिघाड बसवून देण्याची ही माझी पहिलीच वेळ. पण लपवाछपवी मला जमेना.

"सत्तारभाऊ," मी म्हटलं, "तो तुमचाच आवाज आहे. उशिरा येतो, इतकंच."

"समजते ना मले, सर," ते म्हणाले. "माहाच हाय. पन आमा दोघायचा आवाज माह्या मायलेही येगळा वळखू येत नवता. चुलीपासून इचारे, कोन बोलला रे?"

मी त्यांच्या डाव्या हाताला बसलो होतो, तिथून उठून दाराशी जाऊन बसलो. त्यांनी खांद्यावरून मागे पाहिलं, "धर रे" म्हणाले आणि पहिली ओळ सोडली.

क्षणभर काहीच आलं नाही. मग मागून कोणीतरी ती उचलली.