चुकीची घंटा

आमच्या परतवाड्यात घंटा देवळात वाजते, शाळेत वाजते आणि वानखडे मास्तरांच्या ओसरीवरच्या इंग्रजी संभाषणाच्या वर्गात कोणी बोलताना चुकले की वाजते. शिक्षा म्हणून नव्हे, सत्कार म्हणून! पितळी घंटा बदडत मास्तर गर्जतात, "शाब्बास! चुकला म्हंजे बोलला!"

मी त्यांचा शेजारी, निवृत्त वकील. या उपद्रवाविरुद्ध नगरपालिकेकडे मी सविस्तर अर्ज केले; उत्तर नाही. उपद्रव नेमका चुकांचा की घंटेचा, याबाबत तेथे संभ्रम असावा. तो मलाही आहे.

कारण चुका तरी कसल्या! आमचे वऱ्हाडी 'खाऊन राहिलो', म्हणजे 'खातो आहे', मुले शब्दशः उचलतात: "आय ॲम ईटिंग अँड स्टेइंग!" टण्ण!

मी कुंपणावरून हरकत घेतली, "मास्तर, हे इंग्रजी नव्हे."

"मंग इंग्रजीत सांगा ना, वकीलसाहेब! काहून घाबरून राहिले?"

सगळा वर्ग फिदीफिदी हसला. उभी हयात इंग्रजीत युक्तिवाद केलेल्या माणसाला हा प्रश्न!

गेल्या रविवारी मी नोटीस घेऊनच ओसरी चढलो. वर्ग सुटला होता. मास्तर मोबाइलसमोर घामाघूम बसलेले. पडद्यावर त्यांची नात, परी. परदेशात जन्मलेली, मराठीचा गंध नसलेली. ती इंग्रजीत काहीबाही विचारीत होती आणि मास्तर नुसती मान डोलवीत होते.

"बोला की!" मी कुजबुजलो.

"चुकीन ना, साहेब. पोरगी हासन."

तिकडे परीने कंटाळून निरोपाचा हात हलवला. माझा संताप अनावर झाला. "मास्तर, हा तुमच्याच नियमाचा उघड भंग आहे!"

मास्तर मोबाइलकडे वाकले. "परी... युवर मेमरी इज कमिंग अँड स्टेइंग."

तुझी आठवण येऊन राहिली. परी हसली नाही. हलवता हात तसाच थांबवून तिने विचारले, "स्टेइंग?"

"येस. स्टेइंग. नॉट गोइंग."

मास्तर पडद्यावरून नजर हलवीनात; घंटा शेजारी तशीच पडून होती. अखेर ती मीच वाजवली, सारी गल्ली दणाणून जाईल अशी.

आता तक्रारदारानेच उपद्रव केल्यास तक्रार टिकते काय, हे मी कायद्याच्या पुस्तकांत शोधतो आहे. सापडत नाही.