वरच्या दातात लाळ

"वरचा दात आहे आई, लाळ काही वर चढत नाही. वीस मिनिटांत मोकळ्या व्हाल," सून म्हणाली. तिला दातांची डॉक्टर होऊन पाच वर्षं झाली होती आणि सासूबाई आज पहिल्यांदा तिच्या खुर्चीत बसल्या होत्या, तेही एका अटीवर. हा दात नीट भरला तर उरलेले दोन सुनेकडे. नाहीतर आपला जुना डॉक्टर बरा.

रविवार, त्यामुळे मदतनीस नव्हती. आठ महिन्यांच्या गुंड्याला सांभाळायला नवरा आला होता, पण पोराने बापाकडे असा काही सूर लावला की सासूबाईंनीच त्याला पोटावर घेतलं. "राहील गप. तू कर तुझं."

तोंडावर ताणायचं रबर त्यांनी आधीच नाकारलं होतं. जीव गुदमरतो म्हणे. मग गालाशी कापूस, ओठाला लाळ ओढणारी नळी आणि सक्त ताकीद : "बोलायचं नाही, तोंड मिटायचं नाही. थेंबभर लाळ लागली तरी मसाला धरणार नाही."

मसाला धरावा म्हणून निळं जेल लावलं, धुतलं, वाळवलं. दात खडूसारखा पांढरा झाला. ती ट्रेकडे वळली, परत बघते तो दात ओलाचिंब.

"आं आं," सासूबाई म्हणाल्या.

"बोलू नका ना, आई."

पुन्हा जेल, पुन्हा धुणं, नवा कापूस. वळली, फिरली. दात ओला. आता मात्र तिची मती गुंग झाली. नळी ठणठणीत, कापूस कोरडा, आणि लाळ डोंगर चढतेय? वरून गळतंय की काय, म्हणून तिने छतही पाहून घेतलं.

"आं. आं आं."

"दुखतंय?" मान आडवी. "पाणी हवंय?" मान आडवी. "मग जरा कळ काढा."

सासूबाईंनी डोळे वटारले. दूध उतू गेलं तेव्हाही इतके वटारले नव्हते.

"झालं का गं?" दारातून नवरा.

"होतंय," ती रडवेल्या आवाजात म्हणाली.

तिसऱ्यांदा वळताना तोंडात बघायचा आरसा हातातच राहिला, म्हणून त्यात मागचं दिसलं. दात येत असल्यामुळे गुंड्या चारही बोटं चोखत बसला होता. ती निथळती बोटं त्याने बाहेर काढली आणि आजीच्या आयत्या उघड्या तोंडात घालून तो पांढराशुभ्र दात मन लावून चाचपला. आजीचे दोन्ही हात नातवाला धरण्यात गुंतलेले. सोडले असते तर स्वारी थेट फरशीवर.

गुंड्याची रवानगी बापाकडे झाली. बाहेर भोकाड, आत काम फत्ते. कापूस निघाला.

"तीनदा सांगितलं तुला."

"अहो आई, नुसत्या आं-आंवरून कसं कळणार मला?"

"त्याला तरी कुठे बोलता येतं? त्याचं बरं सगळं कळतं."

सुनेने जीव मुठीत धरून विचारलं, "मग उरलेले दोन?"

सासूबाईंनी दातावरून जीभ फिरवली, दोनदा चावून पाहिलं. "येईन," त्या म्हणाल्या. मग बाहेरचं भोकाड ऐकून कपाळाला आठ्या घातल्या. "काय हा तुझा नवरा. घटकाभर पोर सांभाळता येत नाही. कुणी काही शिकवलंच नाही की काय याला?"

सून हातमोजे काढत राहिली. एकेक बोट, अगदी सावकाश.