तिसरं प्रकरण

गुरुवारी दुपारी स्टाफरूममधल्या प्रिंटरने एका दमात दोन प्रकरणं बाहेर टाकली, आणि दोन्हींची नाव छापलेली पहिली पानं मात्र पोटात ठेवून घेतली.

एक प्रकरण मार्चबाईंचं होतं. हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. भूगोलाच्या या प्राध्यापिकेला "पीएचडी कुठवर आली?" असं विचारलं की "येत्या मार्चमध्ये देते" हे उत्तर ठरलेलं असायचं. असे आठ मार्च उलटल्यावर सहकाऱ्यांनी ते नावच त्यांना बहाल करून टाकलं. आता मात्र मार्गदर्शक सर महिनाअखेरीला निवृत्त होणार होते आणि तिसरं प्रकरण संध्याकाळपर्यंत त्यांच्या घरी पोचवायचं होतं. बाईंनी ते चार वर्षांपूर्वी लिहिलं होतं. त्यानंतर उघडून बघायचं धाडस त्यांना झालं नव्हतं. आज त्यांनी फक्त तारीख बदलली होती.

दुसरं प्रकरण त्यांच्या विद्यार्थिनीचं होतं. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी बाईंनी आपल्याच विषयाचा एक तुकडा तिला तोडून दिला होता. विषय होता शहरातले रस्ते ओलांडणारी माणसं. पोरगी अबोल होती, पण मान मोडून काम करायची. तिलाही आजच तपासून द्यायचं कबूल केलं होतं.

"बाई, परीक्षेचं सुपरव्हिजन तुमचंय! घंटा झाली!" शिपाईमामा दारातून ओरडले.

बाईंनी दोन्ही गठ्ठे उचलले. जाड ते माझं, पातळ ते पोरीचं, असा हिशेब त्यांनी जिना चढताचढताच करून टाकला. जाड गठ्ठा पाकिटात घालून मामांच्या हाती सरांकडे रवाना केला, आणि पातळ गठ्ठा घेऊन त्या वर्गात शिरल्या.

साठ मुलांवर एक डोळा आणि प्रकरणावर दुसरा, असं काम सुरू झालं. सकाळपासून दोन तास शिकवून घसा बसला होता, मीटिंगमध्ये प्राचार्यांची बोलणी खाल्ली होती, सकाळचा डबा तसाच पडला होता. त्यात पहिलंच वाक्य अकरा ओळींचं निघालं. बाईंचं पित्त खवळलं. "श्वास कुठे घ्यायचा?" त्यांनी लाल पेनने लिहिलं. पुढच्या पानावर, "हे तुला तरी कळलंय का?" त्याच्या पुढे, "सगळं इकडून तिकडून गोळा केलेलं. तू स्वतः कधी रस्त्यावर उभी राहिलीस?" शेवटच्या पानापर्यंत त्यांचा संयम पार संपला होता. तिथे त्यांनी लिहिलं, "मन लागत नसेल तर सोडून दे. हे सगळ्यांनाच जमतं असं नाही."

लिहून झाल्यावर त्यांना जरासं चुकचुकल्यासारखं वाटलं. पण तेवढ्यात मागच्या बाकावर कोणीतरी पुरवणी मागितली, आणि ते तिथंच राहिलं. पेपर संपल्यावर गठ्ठा त्यांनी पोरीच्या हातात दिला.

शनिवारी सकाळी सरांचा फोन आला. बाई कुकर लावत होत्या.

"अहो, तुम्ही कमाल केलीत!" सरांचा आवाज इतका मोकळा त्यांनी कधी ऐकला नव्हता. "नऊ वर्षांत पहिल्यांदा तुमचं लिखाण एका बैठकीत वाचलं. 'माझ्या आजीला हा रस्ता ओलांडायला सदतीस सेकंद लागतात, आणि सिग्नल तिला बावीस देतो.' वा! हे तुम्ही इतकी वर्षं कुठे दडवून ठेवलं होतं?"

बाईंच्या आजीला जाऊन तीस वर्षं झाली होती. ती हयात असताना गावात सिग्नलच नव्हता. जाड कोणाचं आणि पातळ कोणाचं ते बाईंना तिथंच कळलं, आणि लाल पेनने आपण नेमकं काय झोडपलं तेही.

"ऐकताय ना?"

"हो सर. थँक्यू सर," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. खरं सांगायची हीच वेळ होती, आणि ती त्यांनी घालवली.

नवरा पेपरातून डोकं काढून म्हणाला, "चांगली बातमी दिसतेय!"

"कुकर बंद कर," म्हणत बाई चपला घालून निघाल्याही.

कॉलेजच्या ऑफिसात बाईंनी पोरीची चौकशी केली तेव्हा क्लार्क म्हणाला, "ती होय? काल प्रकल्प सोडल्याचा अर्ज देऊन गेली. त्याऐवजी लेखी पेपर देणारे म्हणे. तुमची सही लागत नाही त्याला."

"तो अर्ज परत द्या!"

"बाई, कालच विद्यापीठाकडे गेला. मुदतही संपली. आता देव आला तरी बदल होणार नाही."

पोरगी लायब्ररीत सापडली. बाईंना बघून ती उठून उभी राहिली.

"अगं, ते प्रकरण तुझं नव्हतं!"

"माहितीये मॅडम. पहिल्या ओळीलाच कळलं."

"मग अर्ज कशाला दिलास?"

"मी ते सगळं वाचलं, मॅडम. केवढे संदर्भ, केवढे मोठे शब्द! एवढ्या हुशार मुलीला तुम्ही सोडून दे म्हणालात, तर माझं बघून काय म्हणाल? म्हटलं, तुम्ही म्हणायच्या आधी आपणच सोडावं." तिने पिशवीतून गठ्ठा काढला. "मला तिचं फार वाईट वाटलं. परत देताना हेही तिला दाखवाल?"

प्रत्येक लाल शेऱ्याखाली पेन्सिलीने बारीक अक्षर होतं. "दोनदा वाचल्यावर समजतं." "तक्ता छान आहे." आणि शेवटच्या पानावर, "सोडू नका. मॅडम रागावतात, पण मनाने चांगल्या आहेत."

बाई समोरच्या खुर्चीत बसल्या. मग त्यांनी ती मुलगी कोण ते सांगितलं. पोरगी आधी लाल झाली, मग पांढरी, आणि मग "सॉरी मॅडम" म्हणाली. ते ऐकून बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिथूनच त्यांनी सरांना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. सरांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आणि तुमचं प्रकरण कुठंय?"

"माझ्याकडेच आहे सर. तपासून झालंय."

"काय शेरा आहे?"

बाईंनी शेवटच्या पानावरचा लाल शेरा वाचला. सरांनी सुस्कारा सोडला. "नऊ वर्षं हे माझ्या ओठांवर होतं. मी भिडेखातर बोललो नाही. चुकलंच माझं."

पोरीने लेखी पेपर दिला आणि बेताचे मार्क मिळवून पास झाली. सदतीस सेकंदांचं ते प्रकरण कोणत्याच मार्कलिस्टवर आलं नाही. सर निवृत्त झाले, दुसरे मार्गदर्शक मिळाले आणि आणखी एक मार्चही गेला. बाई मात्र आता रविवारी चौकात घड्याळ घेऊन उभ्या राहतात आणि सोमवारी लायब्ररीत पोरीसमोर नवी पानं ठेवतात. ती नोकरी शोधतेय, पण तेवढ्यासाठी येते.

"कसं वाटलं?" बाई चोरट्या आवाजात विचारतात.

"पहिली दोन पानं मस्त आहेत, मॅडम," ती जपून म्हणते. "तिसरं... पुन्हा लिहिता का?"

"कधीपर्यंत देऊ?" बाई वही उघडत विचारतात.