साठच्या पुढे नाही!

"अठ्ठावीस वर्षं गाडी चालवतोय, काटा कधी साठच्या पुढे गेला नाही!" हे वाक्य काका भेटेल त्याला ऐकवत. ऐकून ऐकून लोकांनी त्यांचं नावच साठवाले पाडलं.

यातलं निम्मं श्रेय बायकोचं. खरं तर सगळंच. ती शेजारी बसे आणि रस्त्याऐवजी काट्याकडे बघे. काटा जरा हलला की, "अहो, एकसष्ट!" दवाखान्यात पडल्या पडल्याही तिने बजावलं, "मी नसले तरी साठच. शब्द द्या!" साठवाल्यांनी दिला. तिला जाऊन आता दोन वर्षं झाली.

टायर झिजले तेव्हा ते टायरवाल्याकडे गेले. त्याने स्टूल पुढे केलं, चहा मागवला. "काका, बसा निवांत!"

महिनाभरात त्यांना कोणी 'बसा' म्हटलं नव्हतं. मग तो जे म्हणेल त्याला साठवाले हो म्हणत गेले.

"दोन इंच मोठी चाकं टाकू?"

"टाक!"

"रबर पण जाड घेऊ?"

"घे की!"

गप्पा तीन तास चालल्या. गाडी घरी आली ती बकरीला हत्तीचे पाय लावल्यासारखी. स्टिअरिंग जड झालं, वळताना चाक आत घासू लागलं. पण लेकीकडे मात्र साठवाले दहा मिनिटं आधी पोहोचू लागले!

"बाबा, जोरात आलात ना?"

"छे! काटा साठवर खिळलेला. चाकांचा पायगुण गं!"

असे दोन महिने गेले. एके दिवशी लेकीकडून परतताना हवालदाराने हात केला.

"सदुसष्ट! इथे साठची मर्यादा आहे."

"वेग मोजायचं यंत्र बिघडलंय तुमचं! मी बायकोला शब्द दिलाय."

"असं? मग विचारू या त्यांनाच!"

"विचारा," साठवाल्यांनी रिकाम्या सीटकडे बोट दाखवलं.

हवालदार वरमला. "बरं, चला. मी शेजारी बसून काटा बघतो. माझा जोडीदार यंत्र धरेल."

सीट बायकोच्या उंचीची, पार पुढे ओढलेली. हवालदार सहाफुटी! त्याने सीट मागे घ्यायला हात घातला.

"हलवू नका ती!" साठवाले ओरडले.

बिचारा घडीच्या खुर्चीसारखा मिटून बसला. गाडी निघाली.

"साठ, काका! बरोब्बर साठ!" दोन गुडघ्यांमधून आवाज आला.

"सदुसष्ट!" जोडीदार फोनवर ओरडला.

पुन्हा फेरी मारली. पुन्हा तेच! हवालदार खाली उतरला, कंबर सरळ केली आणि त्याची नजर चाकांवर गेली.

"काका, चाकं मोठी टाकलीत? काटा फेरे मोजतो हो! लहान पोराची शंभर पावलं आणि माझी शंभर पावलं सारखी पडतील का? चाक वाढलं, पण काट्याला कोणी कळवलंच नाही!"

साठवाल्यांचा चेहरा पडला. "म्हणजे दोन महिने मी तिला दिलेला शब्द मोडतोय?"

"जाऊ द्या, काका. चाकं तेवढी बदलून घ्या."

"नाही, पावती फाडा! दोन महिन्यांच्या फाडा!"

एकच फाडून हवालदाराने त्यांना कसंबसं वाटेला लावलं.

साठवाल्यांनी गाडी हळूहळू थेट टायरवाल्याकडे नेली. जुनी चाकं कोपऱ्यात पडून होती. "अर्ध्या तासाचं काम, काका."

"घाई नाही रे. सावकाश कर," म्हणत साठवाले स्टुलावर बसले.

घरी जाताना रस्ता मोकळा होता. पाय जरा जड पडला. मुद्दाम की चुकून, ते त्यांनाही सांगता येणार नाही. काटा एकसष्टवर गेला. साठवाल्यांनी कान दिला. शेजारून काहीच आलं नाही.

"अहो, एकसष्ट!" शेवटी तेच ओरडले, आणि काटा साठवर आणला.

खिडकीलगतचा मोटारसायकलवाला वळून बघत होता. साठवाल्यांनी घाईघाईने रेडिओचं बटण फिरवल्यासारखं केलं.

रेडिओ चार वर्षांपासून बंद होता.