लखूआबा आणि बाहेरची मदत

लखूआबा दुकानात आले की रामराम माझ्याशी नाही, टीव्हीशी करतात. पायरीवर चपला काढायच्या, काठी दोरखंडांच्या गुंडाळ्यांना टेकवायची, बराच वेळ न हलता बातम्या बघायच्या आणि मग मला विचारायचं, "काय रे शेट, मानूस धाडलान का कोनी?"

नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, म्हाताऱ्याच्या घरी कुणीतरी आजारी आहे आणि दवाखान्यात न्यायला माणसं हवी आहेत. आबा युक्रेनबद्दल विचारत असतात.

"माणूस नाही, आबा. रणगाडे दिलेत. विमानंही दिलीत म्हणे."

"म्हंजे सामानच," आबा म्हणतात, आणि ते रणगाडे माझ्याच गोदामातून गेल्यासारखे माझ्याकडे बघतात.

पोलादपूरच्या एसटी स्टँडसमोर माझं दुकान आहे. दोऱ्या, ताडपत्र्या, जाळ्या, फवारणीचे पंप, बी-बियाणं. टीव्ही मी लावला तो गिऱ्हाईक जरा रेंगाळावं म्हणून. रेंगाळलं ते एवढं एकच, आणि तेही बहुतेक वेळा बिनखरेदीचं. आबा राहतात कापडे गावाच्या वर, चढण संपते तिथल्या वाडीत. वाडीत घरं पुष्कळ आहेत आणि कुलपं त्याहून थोडीच कमी. माणसं मुंबईत. आबांचे दोन्ही मुलगेही तिकडेच. त्यांची बायको, आमच्या काकी, जाऊन काही वर्षं झाली. टीव्ही काकींबरोबरच बंद पडला तो आबांनी पुन्हा दुरुस्त केला नाही. त्यामुळे जगातली युद्धं बघायला ते खाली माझ्याकडे येतात.

माणसांचे प्रकार दोनच, असं आबांचं मत आहे. सामान धाडणारे आणि स्वतः येणारे. मधला प्रकार त्यांना मान्य नाही. पुतणीच्या लग्नाला डोंबिवलीच्या एका नातलगानं स्वतः न येता मिक्सर पाठवला. आबांनी तो मिक्सर मांडवात पहिल्या रांगेत खुर्चीवर ठेवला, त्याच्या झाकणावर अक्षता टाकल्या आणि पंगतीत त्याच्यापुढं पानही मांडलं. "पाव्हन्याला भात वाढा गो," असं ते वाढणाऱ्या बायकांना शेवटपर्यंत सांगत होते. तो नातलग पुढं प्रत्येक लग्नाला आला. कुणाच्याही.

महाडात मोठा पूर आला त्या वर्षी सगळीकडून सामान आलं. चादरी, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या. आबा खांद्यावर फावडं टाकून एकटे गेले आणि बाजारपेठेतल्या पहिल्या उघड्या दारात शिरून चिखल उपसायला लागले. घरमालकाला आधी चोरच वाटला. मग त्यानं विचारलं, कुठल्या संस्थेकडून आलात? "संस्था नाय, कापड्याकडचा हाय," आबा म्हणाले आणि फावडं चालू ठेवलं. त्या घरमालकाला जाताना फोटो काढायचा होता. आबा म्हणाले, "फोटू नको, आंघोळीला पानी दे." पाणी तेवढं त्याच्याकडं नव्हतं.

हे सगळं ऐकून आबा परराष्ट्र धोरणावर उगाच बोलतात असं कुणाला वाटेल. तसं नाही. खुद्द त्यांच्यावरही आक्रमण झालेलं आहे.

वाडीच्या वर डोंगरउतारावर नाचणीच्या दळ्या, म्हणजे उतारावरचे शेताचे तुकडे होते, घरटी एकेक. माणसं गेली तशा त्या पडीक राहिल्या, तिथं झाडोरा माजला, आणि झाडोऱ्यात वानरं आली. आता पेरतात ते फक्त आबा. म्हणजे सबंध डोंगराची वानरं आणि एका माणसाची नाचणी, असा हा सामना आहे. कणसं भरायला लागली की टोळी उतरते. पुढं एक थोराड हुप्प्या असतो. मी एकदा त्याला जगातल्या एका नेत्याचं नाव द्यायची सूचना केली. आबांनी ती फेटाळली. "नको. ह्यो निदान पोटासाठी येतो."

मुलांनी आबांना वाऱ्यावर सोडलंय असं मात्र कुणी म्हणू नये. मदत येते, आणि सगळी माझ्या दुकानात उतरते, कारण मुंबईची गाडी माझ्या दारात थांबते. पहिल्यांदा थोरल्यानं, विजयनं, फटाके पाठवले. दोन दिवस वानरं बिचकली. तिसऱ्या दिवशी आवाज झाला की ती माना वळवून बघायची, वरातीला बघावं तशी. मग धाकट्यानं भोंगा पाठवला, बटण दाबलं की कुत्रं भुंकतं असा. त्यानं वाडीतली एकुलती एक खरी कुत्री घाबरून कापड्याला निघून गेली. मग गलोल आली. गलोलीबरोबर विजयचा फोनही आला, "आबा, वानराला लागू देऊ नका हां. केस होते."

आबांनी दुकानात टीव्हीकडं बोट केलं. "आयकलंस? ह्यांचं पन तसंच. हत्यार द्यायचं आनि वर सांगायचं, जरा जपून मार."

यंदा वाघ आला. खोटा, फरचा, चांगला वासराएवढा. वानरं वाघाला भितात असं धाकट्यानं मोबाईलवर पाहिलं होतं. तो गाडीच्या टपावरून उतरवला तेव्हा स्टँडवर बरीच गर्दी जमली. आबा त्याला पाठुंगळी घेऊन चढणीला लागले. आठवडाभर दळीत एक वानर फिरकलं नाही. आबा खूश नव्हते, पण गप्प होते. आठवड्यानंतर हुप्प्या येऊन वाघाच्या पाठीवर बसला आणि तिथूनच त्यानं कणसं ओढायला घेतली. उंचीवरून त्याला ते सोयीचं पडलं.

वाडीचं मुंबईत मंडळही आहे. आबांनी मंडळाकडं दाद मागितली, तेव्हा मंडळाची सभा झाली आणि व्हॉट्सॲपवर वानरांचा तीव्र निषेध झाला. खूप जणांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. एका पदाधिकाऱ्यानं तोडगाही सुचवला: आबांनी वरची दळी वानरांना सोडून द्यावी आणि खालचं भाताचं शेत राखावं. तेवढ्यावर मिटेल.

"मिटंल?" आबांनी मला विचारलं. "वरची दळी खाऊन वानर ढेकर देऊन घरी जानार? खालच्या शेताची हद्द त्याला कोन दाखवनार? मंडळ?"

मी आबांशी वाद घालतो. घालायलाच पाहिजे, गिऱ्हाईक वादात जिंकलेलं दुकानदाराला चालत नाही. मी म्हणालो, "आबा, दुसऱ्याच्या भांडणात माणूस पाठवायचा म्हणजे चेष्टा नाही. आज एकाच्या अंगणात चाललंय, उद्या सगळ्यांच्या अंगणात येईल. त्यांनाही आपली पोरंबाळं आहेत. सामान देतात हे काय थोडं आहे? त्या सामानावरच तर तो देश उभा आहे."

"उभा हाय, पन येकटा उभा हाय," आबा म्हणाले. "सामान पायजेच रे. मी काय नको बोलतो? पन सामान देनारा रात्री झोपतो. राखनीला बसलेल्याला कोन सांगनार, तू जरा पड, मी हाय?"

मी आवाज बारीक केला. टीव्हीचा.

खरं तर आबांना नाचणीची एवढी गरज नाही. मुलं महिन्याला सगळं पाठवतात. पण यंदा गणपतीत एक गोष्ट ठरली होती. गणपतीत दोन्ही मुलगे बायकापोरांसकट येतात, वाडी भरते, आणि एवढ्या गजबजाटात वानरं पलीकडच्या खोऱ्यात जातात. विसर्जन झालं की वानरं परततात आणि मुलगे मुंबईला जातात. वानरं जरा आधीच येतात. तर यंदा निघायच्या दिवशी मुलांनी विषय काढला: आबा, यंदाची नाचणी घरात आली तर आम्ही काही बोलणार नाही. नाही आली, तर घराला कुलूप लावायचं आणि आमच्याकडं यायचं. या वयात एकट्यानं डोंगरावर पत्रा बडवत बसणं पुरे झालं. मुलांचं काही चूक नव्हतं. आबांनीही "हां" म्हटलं. तेव्हापासून ते नाचणी राखतात ते नाचणीसाठी नाही, घरासाठी.

दसरा जवळ आला होता. एका दुपारी आबा पाठीवर वाघ घेऊन दुकानात आले. वाघाचं पोट उसवलेलं होतं आणि कापूस बाहेर लोंबत होता. एक कान आणि एक डोळा नव्हता. "वानरांनी इचकटलान," आबा म्हणाले. "दाभन हाय का? आनि जाड दोरा?"

मी दाभण शोधत असताना त्यांचा फोन वाजला. आबांना कमी ऐकू येतं, त्यामुळं त्यांचा फोन सगळ्यांसाठी असतो. विजय होता. त्याचा आवाज चढलेला होता. वाडीतल्या कुणीतरी त्याला कळवलं होतं की आबा रोज अंधार पडेपर्यंत वरच असतात, दोनदा वाटेत घसरलेत, जेवणाचा पत्ता नाही. "मी येतोय," विजय म्हणाला. "कापणी होईस्तवर राहतो. साहेब रजा देत नाय बोलला. मी बोललो, मग नोकरी सोडतो. उद्या राजीनामा देतो आनि गाडी पकडतो."

मी दाभण शोधायचं थांबवलं. गेली कित्येक वर्षं हा माणूस साऱ्या जगाकडं एकच गोष्ट मागत होता, आणि ती आता निघाली होती.

आबांनी फोन तोंडाजवळ नेला. "येऊ नको."

"आबा, पन वानरं..."

"वानरं गेली रे. पार पल्याडच्या खोऱ्यात गेली. वाघाला भ्याली." आबांनी गल्ल्यावर पडलेल्या वाघाच्या पोटात कापूस आत दाबला. "लई चांगला वाघ हाय. बारक्याला सांग. येक कनीस नाय गेलं."

"खरं सांगताव?"

"खोटं कशापायी बोलू? हा शेट हाय इथं, त्याला इचार."

फोन माझ्यापुढं आला. मी वाघाकडं पाहिलं. वाघाचा उरलेला डोळा माझ्याकडं होता. "हो," मी म्हणालो. "गेली वानरं."

फोन बंद झाल्यावरही आबा कापूस आत दाबत राहिले. टीव्ही चालू होता, तिकडंही त्यांनी पाहिलं नाही. मला राग आला होता, खोटं बोलायला लावलं म्हणून नाही, येणाऱ्याला परत फिरवलं म्हणून. मी म्हणालो, "आबा, एवढी वर्षं माणूस माणूस करताय. आला असता की."

"मागत व्हतो तवर काय वाटत नव्हतं," आबा म्हणाले. "तो खराच निघाला, तवा भ्यालो. पोरगी दहावीला हाय त्याची. नोकरी गेली तर मुंबईत कोन इचारतो? माज्या नाचनीपायी त्याचं घर कशाला?" मग मी शोधून दिलेलं दाभण त्यांनी घेतलं, वाघ खांद्यावर टाकला आणि ते गेले.

सोमवारी माझं दुकान बंद असतं. त्या सोमवारी मी कापड्यापर्यंत गाडी नेली आणि पुढची चढण चढलो. मी का गेलो ते मला नीट सांगता येणार नाही. मला वानरांची भीती वाटते आणि चढणीचा त्रास होतो. दळीत पोचलो तेव्हा मला धाप लागली होती. आबा राखणीच्या खोपीत बसून काठीनं पत्र्याचा डबा बडवत होते.

मला बघून ते थांबले. "काय रे शेट? पोरांनी काय धाडलान?"

"काही नाही."

त्यांनी माझ्या हातांकडं पाहिलं, मग मागं, कुणी ओझं घेऊन येतंय का ते. मग त्यांना समजलं. त्यांनी घाईघाईनं खोपीतली घोंगडी झटकली, उलटी केली, पुन्हा झटकली आणि मला बसायला दिली. भाकरी सोडली, जवळ्याची चटणी माझ्याकडं सरकवली. आणि बोलायला लागले. युद्धाबद्दल एक अक्षर नाही. कुठली दळी कुणाची होती, कोण किती भांडखोर होतं, सगळा डोंगर नाचणीनं भरलेला असायचा तेव्हा बायका इकडून तिकडं हाका कशा मारायच्या. काकी नवीन लग्न होऊन आली आणि पहिल्याच दिवशी डोक्यावरचा हंडा घेऊन याच बांधावरून घसरली, आणि सासूला काय सांगायचं म्हणून दोघं कशी इथंच बसून राहिली. हे सांगताना आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. दुकानात मी त्यांना कधी हसताना पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात समोरच्या किंजळाच्या झाडावरून टोळी उतरली. हुप्प्या पुढं होता. तो शांतपणे दळीच्या कडेला बसला आणि एकेक कणीस ओढून सोलायला लागला. मागून बाकीची आली.

"आबा," मी म्हणालो, "वानरं."

डबा त्यांच्या मांडीशी होता. काठी हातातच होती. आबांनी दळीकडं नीट पाहिलं.

"दिसली रे," ते म्हणाले. "खातील जरा. तू बस." आणि काठी बाजूला ठेवून त्यांनी काकी बांधावरून घसरली तिथपासून गोष्ट पुन्हा सांगायला घेतली.